बॅलार्ड पिअरवर तुमची वाट बघताहेत

सुरतेजवळच्या कडोदरा चार रस्त्यावरून मुंबईची गाडी पकडा. तिकीट मात्र जून १९३९ चं काढा. उतरून थेट बॅलार्ड पिअर गाठायचं, कारण आज तुम्ही हिटलरपासून पळून येणाऱ्या ज्यूंना मदत करणाऱ्या ज्युइश रिलीफ असोसिएशनचे स्वयंसेवक आहात.

आला वास? ओला काथ्या, कोळशाचा धूर, सुकी मासळी, घाम. पाऊस तोंडावर आलाय आणि हवा नुसती कोंदलीय. सदरा पाठीला चिकटलाय. ‘बाजू, बाजू!’ कुणीतरी ओरडतं, तुम्ही अंग चोरता आणि डोक्यावर दोन ट्रंका घेतलेला हमाल कानाला चाटून पुढे जातो. समोर लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीची इटालियन आगबोट धक्क्याला लागतेय. तिचा भोंगा बरगड्यांत घुमतो.

शिडी लागली. तुमची माणसं ओळखायला हातातली यादी उघडावीही लागत नाही. या उकाड्यात लोकरीचे कोट घालून उतरताहेत, तीच. जर्मनी सोडताना माणशी १० मार्क, एवढीच रोकड बाहेर नेता येते. मग अंगावर जेवढं चढेल तेवढं चढवून ती निघाली. व्हिएन्नाच्या एका बाईंचे गाल लाल झालेत, केस कपाळाला चिकटलेत. तुम्ही हात पुढे करता. त्या दोन्ही हातांनी तो धरतात आणि सोडायचं विसरतात.

आता कस्टमची रांग. पंखा गरगरतोय, वारा कुणालाच लागत नाही. पेट्या उघडल्या जातात: पिसांच्या रजया, चांदीचे चमचे, डॉक्टरांची अवजारं, स्वरलिपीच्या वह्या. साहेब कागद मागतो. इथे नोकरी नाही, ओळखपाळख नाही, अशा माणसासाठी असोसिएशन हमी देते: याच्या पोटापाण्याचं आम्ही बघू, सरकारवर भार पडू देणार नाही. त्या हमीवर हा माणूस इथवर आला. साहेब वाचतो, पुन्हा वाचतो. तुमच्या घशाला कोरड पडते. धाडकन शिक्का बसतो.

बाहेर पडलात की खरी धावपळ. व्हिक्टोरिया ठरवा, घोडेवाल्याशी घासाघीस करा. ट्रामच्या घंटा, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, इराण्याच्या दुकानातून येणारा ताज्या पावाचा वास. बाई सगळीकडे एकदमच बघताहेत. त्यांना सांगा: पाणी उकळून प्यायचं. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची. टोपीशिवाय उन्हात जायचं नाही. पहिला आंबा हातात द्या. सुरी शोधू नका म्हणावं, चोखायचा असतो! रस कोपरापर्यंत ओघळतो आणि या बाई मोठ्यानं हसतात.

शनिवारी त्यांना मशीद बंदरला न्या, १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी स्थापन केलेल्या सिनेगॉगमध्ये. दारात बेने इस्राएल, म्हणजे इथल्याच ज्यू समाजाच्या, बायका अस्सल कोकणी मराठीत बोलताहेत. बाई बावचळतात. मग आतून हिब्रू प्रार्थना सुरू होते. चाल परकी, शब्द मात्र लहानपणापासूनचे. त्यांचे ओठ आपसूक हलू लागतात.

पोटाचा प्रश्न उरतोच. डॉक्टरांना दवाखान्यासाठी खोली हवी, शिंप्याला यंत्र, शिक्षिकेला शिकवण्या. धीर द्यायला उदाहरणं आहेत. संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्येच आले. आज ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळतात, आणि आकाशवाणीची ओळखधून त्यांच्याच नावावर सांगितली जाते. व्हिएन्नाच्या नर्तकी हिल्डे होल्गर याच वर्षी येताहेत. दोन वर्षांत त्या इथे नृत्यशाळा काढतील.

सप्टेंबर उजाडतो. युद्ध पेटतं आणि पोलीस याच माणसांपैकी अनेकांना ‘जर्मन’ म्हणून उचलतात, अहमदनगरच्या छावणीत नेतात. हिटलरपासून पळालेल्यांना हिटलरचे म्हणून कोंडलं! पुन्हा तुम्हीच धावता: अर्ज, साक्षी, हेलपाटे. चौकशीनंतर बहुतेक ज्यू सुटतात. पण युरोपातून इकडे यायची वाट आता जवळपास मिटलीय. त्या बाई रोज टपालाची चौकशी करतात; आई मागे राहिलीय.

आणि तुमच्या टेबलावर जूनपासूनच्या अर्जांचा गठ्ठा आहे. नाव, वय, धंदा, एक फोटो. यातली एकही व्यक्ती तुमच्या नात्यागोत्यातली नाही. धक्क्यावर उतरलेली माणसंही तशीच, फोटोपुरती ओळखीची होती. त्यांच्यासाठी कुणीतरी शब्द टाकला, स्वतःच्या खिशाची जोखीम घेतली, म्हणून ती वाचली. अनोळखी माणसासाठी जामीन राहणं ही फार मोठी माणुसकी आहे, आणि ती वेळेवरच करावी लागते. उशिरा दिलेल्या हमीवर कुठलीही आगबोट सुटत नाही.