एक डिस्क गेली तर ठीक, सगळ्या गेल्या तर?

१९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडली: एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कची फळी. रेड ५ मध्ये एक डिस्क बंद पडली, तर बाकीच्यांवरून गणित करून तिचा डेटा परत मिळतो. खराब डिस्क काढायची, नवी सरकवायची, रिबिल्ड होऊ द्यायचं. तेवढ्यात दुसरी गेली, की खेळ खल्लास! म्हणून स्लॉट नंबर मी दोनदा बघतो.

पण हा हिशोब एकेक डिस्क जाण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. सर्व्हर रूममध्ये पाणी शिरलं, तर सगळ्या डिस्क एकदमच जातात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. सांगलीतल्या डेटाची एक कॉपी साताऱ्यात, उंचावर ठेवाच.