छबी कोणाची, हक्क कोणाचा?

१८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एका युक्तीचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक छब्या उतरवायच्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापायच्या आणि कापून लहानशा पुठ्ठ्यांवर डकवायच्या. त्याआधीचा ‘डॅगेरोटाइप’ हा फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर निघे. त्याची दुसरी प्रत नसे. ही ‘कार्त द व्हिझीत’ नावाची कार्डे मात्र डझनावारी निघत आणि पाकिटातून गावोगाव जात.

दिस्देरीच्या मनात धंदा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेच कार्ड गुलामगिरीविरुद्ध उभे राहिले. १८६३ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज येथे पळून आलेल्या एका गुलामाच्या पाठीचा फोटो अशा कार्डांवर निघाला. चाबकाने उठलेल्या वळांचे जाळे मानेखालून कमरेपर्यंत. गुलामांना मालक मायेने वागवतात, असे सांगणाऱ्यांची तोंडे त्या पाठीने बंद केली.

पण मला त्याहून मोठी वाटते ती सोजर्नर ट्रूथ. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी ही बाई सभांमधून स्वतःचे कार्ड विके आणि त्यावर पोट व प्रचार दोन्ही चालवी. कार्डावर ती पांढरी टोपी, चष्मा, खांद्यावर शाल, हातात विणकाम अशी बसलेली दिसते. वळ नाहीत, साखळी नाही, घरंदाज बाई. दयेची याचना करायला ती कॅमेऱ्यापुढे बसलीच नव्हती. आणि चित्राचा स्वामित्वहक्क सहसा फोटोग्राफर घेई, तो १८६४ मध्ये तिने स्वतःच्या नावावर नोंदवला! गुलामगिरीतून सुटलेला पुढारी फ्रेडरिक डग्लस याचाही कॅमेऱ्यापुढचा ताठा तोच: दीडशेहून अधिक फोटो, आणि चेहऱ्यावर हसू जवळजवळ नाहीच. ‘सुखी गुलाम’ दाखवणाऱ्या चित्रांना त्याने दिलेले ते उत्तर होते.

कॅमेरा मुळात कोणाच्याच बाजूचा नव्हता. १८५० मध्ये हार्वर्डच्या लुई अगासी या प्राध्यापकाने काळे लोक हीन असल्याचे ‘सिद्ध’ करण्यासाठी साउथ कॅरोलायनात रेन्टी आणि त्याची मुलगी डेलिया यांना उघडे करून त्यांचे डॅगेरोटाइप काढवून घेतले. त्यांना कोणी विचारले नव्हते. ते पत्रे हार्वर्डच्या ताब्यात राहिले. रेन्टीची वंशज असल्याचे सांगणाऱ्या एका बाईने २०१९ मध्ये दावा लावला, आणि २०२५ मध्ये तडजोड होऊन ते चार्ल्स्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाला देण्याचे ठरले.