राजा हरिश्चंद्र आणि सरस्वतीबाईंचे स्त्रीधन

हरिश्चंद्राचे आख्यान आपल्या देवळांच्या सभामंडपांत पिढ्यानपिढ्या कीर्तनकारांच्या मुखे ऐकले गेले आहे. राज्य दान केले तरी दक्षिणेचे ऋण उरले, आणि ते फेडण्यासाठी काशीच्या बाजारात राजाआधी राणी विकली गेली, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. वचन राजाचे, पण त्याचे मोल पहिल्याने मोजले ते तारामतीने. हीच कथा घेऊन भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट निघाला, आणि त्याच्या पडद्यामागेही असेच एक ऋण उभे होते. त्या ऋणाचा हिशेब मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे वडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण वगैरे विद्या संपादन केल्या. चित्रपटाचा ध्यास लागल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. यंत्र आले, पण भांडवल नव्हते. तेव्हा कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल कसा होतो, याचे चित्रण करून त्यांनी धनकोंची खात्री पटविली. तथापि तेवढ्याने भागेना, आणि पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडले.

सरस्वतीबाईंनी केवळ दागिनेच दिले असे नव्हे. त्या काळी कोरी फिल्म छिद्रांविना येत असे. कॅमेऱ्यात चढविण्यापूर्वी तिच्या कडांना अंधारात बसून छिद्रे पाडावी लागत. ते काम या बाईंनी केले. रसायने मिसळणे आणि फिल्म धुणे त्या शिकल्या. चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, आणि दादरच्या घरी नटांसह साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करणे, हेही त्यांच्याच वाट्यास होते. पडद्यावर मात्र स्त्री मुळीच नव्हती. कोणतीही बाई तारामतीचे काम करावयास तयार होईना, म्हणून ग्रँट रोडवरील एका खाणावळीतील अण्णा साळुंके या तरुणास लुगडे नेसवावे लागले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, आणि फाळक्यांचा पुत्र भालचंद्र रोहिदास झाला.

२१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी पहिला खेळ झाला. शहरातील डॉक्टर, न्यायाधीश, विद्वान व वृत्तपत्रांचे संपादक त्यास उपस्थित होते. ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो सर्वांस खुला झाला. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या मूकपटास जोड म्हणून नाच, विनोदी प्रवेश व पायांनी कसरत करणारा खेळाडू असा भरणा कार्यक्रमात होता. परंतु लोक लोटले ते हरिश्चंद्रासाठी. चित्रपट २३ दिवस चालला. त्या काळी ही मुदत सामान्य नव्हती.

आता कायद्याचे दोन शब्द. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा धनकोने अडवून धरणे, या चार प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्यास तो बांधील नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. चित्रपटनिर्मिती यांपैकी कशात बसावी? पुराणकथा आहे म्हणून ती धर्मकार्य, असा युक्तिवाद कोणी करील; पण तिकीट लावून चाललेल्या उद्योगास तो लागू पडणे कठीण. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्त्रीधनाची मालक पत्नीच असून पतीच्या हाती ते केवळ विश्वासाने असते, असे स्पष्ट केले. आमच्या गोमंतकीय वाचकांस तर पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेचा आणि अर्ध्या हिश्शाचा नियम घरोघरी परिचित आहे. कोणत्याही मापाने मोजले तरी या चित्रपटात सरस्वतीबाईंचा अंश निघतोच.

येथे फाळक्यांवर आरोप करण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. संसार दोघांचा होता आणि दागिने प्रीतीने दिले गेले. प्रश्न उरतो तो आपल्या स्मरणाचा. फाळक्यांच्या नावे १९६९ पासून चित्रसृष्टीतील सर्वोच्च शासकीय पुरस्कार दिला जातो, आणि तो यथायोग्यच आहे. पण पहिल्या खेळाची हकीकत लिहिताना थिएटर, तारीख आणि प्रतिष्ठित पाहुणे यांची नोंद होते. जिच्या गहाण पडलेल्या दागिन्यांवर तो खेळ उभा राहिला, ती बहुधा एका वाक्यात आटोपली जाते.

पणजीस २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. आपल्या गावोगावीही तरुण मंडळी घरचा पैसा घालून मराठी-कोंकणी चित्रपट काढतात, आणि पहिल्या खेळाच्या दिवशी दिग्दर्शकास शाल-श्रीफळ मिळते. मंदिर समित्यांना व सांस्कृतिक मंडळांना आमची एवढीच विनंती की, अशा वेळी व्यासपीठावर त्या घरातील ज्या व्यक्तीने दागिने काढून दिले, मंडळींना जेवू घातले, रात्री जागून हिशेब लिहिले, तिलाही सन्मानाने बोलवावे. कीर्तनकार हरिश्चंद्राबरोबर तारामतीचेही नाव घेतल्यावाचून आख्यान संपवीत नाहीत. हा शिष्टाचार मंडपातून चित्रपटगृहात नेणे कठीण नाही.