शंभरी गाठणाऱ्या माणसाचं 'टेन्शन'

हल्ली कुठल्याही आरोग्य शिबिरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'टेन्शन घेऊ नका, सकारात्मक राहा.' ऐकलं की मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२. म्हणजे तब्बल १०४ वर्षं! तेही प्लेग, इन्फ्लुएंझा बघितलेल्या काळात.

अण्णांना टेन्शन नव्हतं का? होतं की, भरपूर होतं. शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला घाट तुडवत, भर पावसात पायी गेले. तिथे 'हा मुलगा लहान दिसतो' म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. परत तेवढीच पायपीट! १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे बायांशी, पुनर्विवाह केला. बाया बालविधवा. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. गावी आपल्याच घरात उठणं-बसणं अवघड झालं. आजच्या भाषेत हे सोशल ट्रोलिंगच, फक्त फोन बंद करून सुटका नव्हती.

मग अण्णांनी काय केलं? कुणाशी भांडत बसले नाहीत, खचूनही बसले नाहीत. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे आश्रम हिंगण्याला एका झोपडीत गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चिखल तुडवत पायी हिंगणं गाठायचं. आपण ज्याला व्यायाम म्हणतो तो त्यांच्या कामातच होता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा वय ५८, म्हणजे आपल्याकडे निवृत्तीचं वय. १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडताना, विद्यापीठासाठी जगप्रवासाला निघाले. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न.

आता कुणी म्हणेल, बघा, ध्येय ठेवा, शंभर वर्षं जगा! इतकं सोपं गणित अण्णांनीसुद्धा मांडलं नसतं. ध्येय असलेली माणसं तरुणपणीही गेलीत. गोपाळ गणेश आगरकर चाळिशीही गाठू शकले नाहीत. ध्येय आयुष्याची लांबी ठरवत नाही, पण सकाळी अंथरुणातून उठायला कारण देतं.

आणि मंडळी, खरा मुद्दा पुढेच आहे. केशवपन झालेल्या, कोपऱ्यात ढकललेल्या बायकांना अण्णांनी 'दृष्टिकोन बदला' असं सांगितलं नाही. त्यांना राहायला जागा दिली, शिक्षण दिलं, पायावर उभं केलं. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकल्या, आश्रमासाठी निधी गोळा करायला गावोगाव फिरल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. एकेकाळी जिचं आयुष्य 'संपलं' असं घरादाराने ठरवलं होतं, ती बाई!

म्हणून भरती रखडलेल्या पोराला, मानधन थकलेल्या आशाताईला, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला नुसतं 'टेन्शन घेऊ नका' म्हणणं मला पटत नाही. ध्यान-प्राणायाम जरूर करावं, चांगलंच आहे. पण ताण जिथून येतो ती जागा दुरुस्त करणं हेही आरोग्याचंच काम आहे, आणि ते एकट्याचं नाही.

आपल्या गावात असं हिंगणं कुठे उभं करता येईल? तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.