दहा वर्षांचं अंतर

फ्लॅनरी ओकॉनर ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली कथालेखिका. तिच्या कथांबद्दल पुन्हा कधीतरी. आज तिच्या आजाराबद्दल लिहायचंय. तिचे वडील १९४१ मध्ये ल्युपसने गेले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. १९५० च्या डिसेंबरात ती स्वतः आजारी पडली आणि निदान तेच निघालं. आईने ते तिच्यापासून लपवलं. आपल्याला संधिवात आहे असंच ती समजत होती. खरं नाव १९५२ मध्ये एका मैत्रिणीने सांगितलं. आजार एकच, पण वडील पंचेचाळिशीत गेले आणि मुलगी निदानानंतर तेरा वर्षं जगली, लिहीत राहिली. मधल्या दहा वर्षांत असं काय झालं?

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसत, म्हणून हे नाव. बराच काळ हा कातडीचाच रोग समजला जाई. व्हिएन्नाच्या कापोसींनी १८७२ मध्ये दाखवलं की तो आतल्या अवयवांनाही धरतो. का धरतो, ते मात्र कळेना. शरीर स्वतःवर हल्ला करणं टाळतं असं पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं होतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दापुढे पुढची कित्येक वर्षं उलटा विचार मागेच पडला. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकच्या हारग्रेव्ह्ज यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक चमत्कारिक दृश्य दिसलं: एका पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेलं! १९५७ मध्ये रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं सापडली.

थोडक्यात सांगायचं तर, मेलेल्या पेशींचा कचरा वेळेवर उचलला जात नाही. त्यातला डीएनए उघडा पडतो आणि प्रतिकारयंत्रणेला तो विषाणूचा वाटतो. विषाणू आला की वाजणारी इंटरफेरॉनची घंटा मग वाजतच राहते. बी पेशी प्रतिपिंडं बनवतात, ती डीएनएला चिकटतात आणि हे गठ्ठे मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत अडकून तिथे दाह सुरू करतात. दहातले साधारण नऊ रुग्ण स्त्रिया असतात.

यातलं बरंचसं कळायच्या आधीच लेकीला औषध मिळालं होतं. त्याच मेयोमध्ये, त्याच १९४८ साली, हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिलं. लगेच १९५० मध्ये नोबेलही! ओकॉनरला मिळालं ते एसीटीएच, शरीराला स्वतःचं स्टेरॉइड बनवायला लावणारं, डुकरांच्या पिट्युटरी ग्रंथींतून काढलेलं. वडिलांच्या वेळी ते असतं तर... असो. त्याची किंमतही तिने मोजली. हाडं कमकुवत झाली आणि १९५५ पासून ती कुबड्यांवर चालू लागली. १९६४ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर आजार उसळला, मूत्रपिंडं बंद पडली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली.

दुसरं औषध तर मलेरियाचं. लंडनच्या पेन यांनी १८९४ मध्येच ल्युपसवर क्विनीन वापरलं होतं. १९५१ मध्ये पेज यांनी मेपाक्रीनचे अनुभव छापले आणि पुढे आलं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ते इंटरफेरॉनच्या घंटेची दोरी ढिली करतं, हे कळायला पुढची कित्येक दशकं गेली. आजही ल्युपसच्या बहुतेक रुग्णांना हीच गोळी असते. २०२० मध्ये कोविडसाठी तिच्यावर झुंबड उडाली, तेव्हा रोज ती घेणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल!

कारण आधी आणि औषध नंतर, असं व्हायला २०११ उजाडलं. बी पेशींची रसद तोडणाऱ्या बेलिमुमॅबला तेव्हा अमेरिकेत मान्यता मिळाली. ल्युपससाठी पन्नासहून अधिक वर्षांतलं ते पहिलं नवं औषध. इंटरफेरॉनचा मार्ग अडवणारं अनिफ्रोलुमॅब २०२१ मध्ये आलं.

त्याच वर्षी जर्मनीतल्या एर्लांगेनमधून बातमी आली. वीस वर्षांच्या एका मुलीच्या टी पेशी बाहेर काढून, बी पेशी ओळखायला शिकवून, परत सोडल्या होत्या. जुन्या बी पेशी साफ झाल्या. अशाच इतर रुग्णांत काही महिन्यांनी नव्या बी पेशी उगवल्या, त्या कोऱ्या पाटीच्या होत्या. २०२४ च्या अहवालात ल्युपसचे आठ रुग्ण होते. आठ म्हणजे मूठभरच, उपचार अतोनात महाग, आणि लक्ष ठेवण्याचा काळही थोडाच. पण आठहीजणांचा आजार शमला होता आणि स्टेरॉइड्स थांबली होती.