मुक्या जिवाच्या कानाची साक्ष

औषधाने डोळा लाल झाला, तर पाहणाऱ्यास तो दिसतो. कान बहिरा झाला, हे ज्याला वाचाच नाही त्याने सांगावे कसे? कानात घालावयाच्या औषधांची परीक्षा प्राण्यांवर करू पाहणाऱ्यांपुढे हीच खरी अडचण होती.

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयाने ग्रासलेले गिनीपिग त्यामुळे वाचतात, हे मेयो क्लिनिकमधील फेल्डमन व हिनशॉ यांनी दाखविले. प्रश्न क्षयाचा होता, कानाचा नव्हता. औषध माणसांना टोचले जाऊ लागले, तेव्हा मात्र कित्येकांना भोवळ येऊ लागली, काहींची श्रवणशक्ती गेली. १९४९ साली त्याच प्रयोगशाळेतून आलेले निओमायसिन कानास याहून मारक ठरले. ते टोचणे मागे पडले. कानाच्या थेंबांत मात्र ते राहिले! पडदा शाबूत असेल, तर थेंब बाहेरच थांबतो. पडद्याला भोक असेल, तर तो मध्यकर्णात उतरतो आणि तेथील गोल खिडकीच्या त्वचेतून अंतःकर्णात झिरपू शकतो. तेथील केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

परीक्षेचे जुने साधन साधे होते. टाळी वाजताच गिनीपिगाचा कान फडकतो; या प्रतिक्रियेस प्रेयर या शास्त्रज्ञाचे नाव आहे. पण बरीच हानी झाल्यावरही कान फडकतच राहतो. १९३० साली प्रिन्स्टन येथे वीव्हर व ब्रे यांनी मांजराच्या श्रवण-मज्जातंतूला तार जोडली. मांजराच्या कानाशी बोललेले शब्द दुसऱ्या खोलीत टेलिफोनवर ऐकू आले. आपण मज्जातंतूचा संदेश ऐकत आहोत, अशी त्यांची समजूत झाली. वस्तुतः ती वीज बव्हंशी अंतःकर्णातच उपजत होती. चूक खरी, पण फलदायी. कारण त्यामुळे कानाची हानी मोजता येऊ लागली.

मध्यकर्णात निओमायसिन सोडलेल्या गिनीपिगांच्या केशपेशी मेल्या. तरीही पुष्कळ डॉक्टरांना ते पटेना. त्यांचे रोगी तर बहिरे होताना दिसत नव्हते. याला कारणही होते. माणसाच्या गोल खिडकीची त्वचा सुमारे ७० मायक्रॉन जाड, गिनीपिगाच्या त्वचेच्या कित्येक पट. शिवाय ती खोल कोनाड्यात दडलेली. तथापि हा दिलासा अपुराच म्हणावा लागेल. कान वाहणारा रोगी आधीच कमी ऐकतो. त्यात औषधाने आणखी थोडे गेले, ते कोण मोजणार? क्लोरॅम्फेनिकॉलच्या थेंबांत द्रावक म्हणून वापरलेले प्रॉपिलिन ग्लायकॉल स्वतःच प्राण्यांच्या कानास अपाय करते, असेही आढळले. म्हणजे औषधाबरोबर त्याच्या वाहकाचीही परीक्षा घेणे भाग पडले.

१९९७ साली अमेरिकेत ऑफ्लॉक्सॅसिनचे थेंब भोक पडलेल्या कानासाठी मान्य झाले. २००४ साली तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सल्ला दिला, की मध्यकर्ण उघडा असताना कानास अपायकारक ठरू शकणारे थेंब शक्यतो टाळावेत. निओमायसिनच्या जन्मास तेव्हा ५५ वर्षे झाली होती.