राणीजवळची ती

झाशीस बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्याच रविवारी किल्ला पाहून येतो. आम्हीही तो शिरस्ता पाळला. कडक बिजली तोफेवरून हात फिरवला, राणीने घोडा उडविला म्हणून दाखवितात ती जागा पाहिली, आणि पुढे ऑफिस व बिऱ्हाड यांच्या रगाड्यात किल्ला विसरूनही गेलो. त्याची पुन्हा आठवण झाली ती नगऱ्यात, आमच्या समोरच्या घराच्या ओसरीवर.

त्या घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीची आई चैत्रात गेली. पावसाळ्यात मुलीला क्षयाचे निदान झाले. शेजाऱ्यांनी आपली मुले आवरली. (आम्हीही आवरली, हे कबूल केले पाहिजे.) फक्त तिच्या वर्गातली एक बुंदेली मुलगी वह्या घेऊन रोज येई. घरच्यांनी दटावले तेव्हा ती उंबऱ्याबाहेर बसू लागली. परंतु यायची थांबली नाही. तिला पाहताना मनात आले, याच गावात राजवाड्यात दुखणे आणि दुःख एकदम शिरले, तेव्हा राणीजवळ कोण बसले असेल?

मनकर्णिका तांबे हिची आई ती चार वर्षांची असतानाच वारली होती. १८४२ साली ती झाशीची सून झाली. १८५१ मध्ये मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव संग्रहणीने अंथरुणास खिळले. २० तारखेस मेजर एलिस यांच्यासमक्ष दत्तकविधान झाले आणि दुसऱ्याच दिवशी महाराजांनी देह ठेवला. रूढ समजुतीप्रमाणे राणीचा जन्म १८३५ चा. म्हणजे वैधव्य आले त्या वेळी तिला नुकते अठरावे संपले होते. काही संशोधक जन्म १८२८ च्या सुमाराचा मानतात. त्यांचे खरे धरले तरी सासरी आली तेव्हा ती जेमतेम चौदांची होती, एवढे उरतेच.

या दुखण्याच्या दिवसांविषयी लिहिले गेले ते सारे दत्तकपत्र, खलिते आणि वारसाहक्क यांविषयी. कारकुनी पेशामुळे आम्हांस त्यात नवल वाटत नाही. दफ्तरात ज्याची नोंद लागते तेच नोंदले जाते. उशाशी बसून ज्यांनी वारा घातला त्यांचा रकाना कोणत्याच नमुन्यात नसतो. सुंदर, मुंदर, काशी या सख्यांना घरोघरी पोहोचविले ते झाशीतच वकिली करणारे वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ सालच्या हिंदी कादंबरीने. कादंबरी ती कादंबरी. तिच्यावर इतिहास उभारता येणार नाही.

मात्र एक नोंद आहे, आणि ती शत्रुपक्षाची आहे. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे राणी पडली. सर रॉबर्ट हॅमिल्टन यांनी त्याविषयी सरकारला जे कळविले त्यात असे आहे की, राणीच्या घोड्याजवळ घराण्याची पिढीजात सेविका, एक मुसलमान स्त्री, होती. कोणत्याही प्रसंगी तिने राणीची बाजू सोडलेली दिसत नाही. आणि गोळ्या लागून त्या दोघी एकदमच कोसळल्या. नाव दिलेले नाही. बुंदेलखंडात विचाराल तर लोक बेधडक ‘मुंदर’ म्हणतील.

‘कोणत्याही प्रसंगी’ हे शब्द आम्ही पुन्हापुन्हा वाचले. साहेबाच्या नजरेसमोर लढाईचे प्रसंग असणार. आमच्या नजरेसमोर मात्र मेलेल्या तान्ह्याची १८५१ ची खोली आणि नोव्हेंबर १८५३ चे अंथरूण उभे राहते. एक मेली म्हणून दुसरीची नोंद झाली. दोघी जगल्या असत्या तर हे एक वाक्यही आपल्या हाती आले नसते.

समोरच्या मुलीच्या औषधाचा चौथा महिना चालू आहे. डॉक्टरांनी शाळेत जाण्यास परवानगी दिली आहे. काल सकाळी दोघी निघाल्या तेव्हा दोन्ही दप्तरे त्या बुंदेली मुलीच्याच खांद्यावर होती.